संगमेश्वरला अडणारी लॉरी

“गाडीत काही नाही, नानाशेट,” मी म्हणालो. पंधरा दिवसांत हेच वाक्य मी तिसऱ्यांदा बोलत होतो. लॉरी रत्नागिरीच्या आमच्या शेडमध्ये उभी होती. बॉनेट उघडं होतं. मी हँडल मारलं आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. आता ते इतकं निमूटपणे चालत होतं, की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी.

तक्रार करणारा धाकू शेजारीच उभा होता. तो त्या लॉरीचा ड्रायव्हर. संगमेश्वरजवळच्या एका वाडीतला शेतकरी घरातला माणूस. जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला होता, तिथे मोटार शिकून आला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, पण आमचं बोलणं अरे-तुरेचं. नानाशेट आमचे मालक. त्यांच्या मोटार सर्व्हिसमध्ये तीन गाड्या, तीन ड्रायव्हर आणि एक मिस्त्री. मिस्त्री म्हणजे मी.

“मग संगमेश्वरलाच तिला काय होतं?” नानाशेट म्हणाले. “सासर आहे का तिचं तिथे, रुसून बसायला?”

“शेट, ज्या सकाळी धुकां दाट पडतां, त्या सकाळी ती उठत नाय,” धाकू म्हणाला. “ऊन आला की पयल्या हँडलला उठते. मी काय करू?”

“धुकं इंजिनात शिरतं होय रे?” मी विचारलं आणि हसलो. नानाशेटही हसले. धाकूने अख्खा दोष माझ्या ओंजळीत आणून टाकला होता आणि मी त्याची थट्टा केली. या गोष्टीला आता काही वर्षं झाली, पण त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

लॉरीबद्दल थोडं सांगायला हवं. ती सैन्यातली जुनी गाडी. लढाई संपल्यावर सरकारने विकून टाकली, ती फिरत फिरत आमच्याकडे आली. आमच्या सुतारांनी तिच्यावर फळ्यांची बॉडी चढवली, बाकं ठोकली, टपावर ताडपत्री घातली आणि ती पॅसेंजर सर्व्हिस झाली. दुपारी रत्नागिरीहून निघायची, संध्याकाळी संगमेश्वरला मुक्काम, सकाळी सहाला परत. क्लीनर नव्हता. हँडल धाकूच मारायचा आणि गाडीही तोच चालवायचा.

हल्ली नव्या गाड्यांना बटण दाबलं की झालं. तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावं लागे. हँडलबरोबर आतला मॅग्नेटो फिरतो. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय वीज तयार करणारं यंत्र. ती वीज एका काळ्या टोपीतून चार तारांवाटे चार सिलिंडरांकडे जाते आणि प्लगपाशी ठिणगी पडते. ठिणगी वेळेवर पडली तर गाडी सुरू. पडलीच नाही तर माणूस नुसता घाम गाळतो. भलत्या वेळी पडली तर त्याहून वाईट, ते पुढे येईलच.

पौषापासून लॉरी संगमेश्वरला अडायला लागली. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. सहाची गाडी नऊला निघे. रत्नागिरीत कोर्टाच्या तारखा असलेली माणसं, आगबोट गाठायची असलेली माणसं खोळंबून राहत. रत्नागिरीत मात्र तिने एकदाही कुरकूर केली नाही.

पहिल्या वेळी मी प्लग काढून घासले. दुसऱ्या वेळी पेट्रोलची टाकी रिकामी करून गाळली, कारण पेट्रोलमध्ये पाणी असलं की असं होतं. पाण्याचा थेंब निघाला नाही. मग कार्ब्युरेटर उघडला, त्याचं बारीक भोक फुंकून साफ केलं. मॅग्नेटोचे पॉइंट पाहिले. त्या दोन पॉइंटांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट लागते, तेवढी होती. प्रत्येक वेळी हँडल मारलं आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू झालं. भर दुपारी, कोरड्या शेडमध्ये, तीस मैल धावून तापलेलं इंजिन सुरू होईल नाही तर काय होईल? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तिसऱ्या तपासणीनंतर नानाशेटनी धाकूला बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. त्यांच्याकडे पॅसेंजरांचा अर्ज आला होता. ड्रायव्हर नाटक करतो, असं त्यात लिहिलं होतं. नऊपर्यंत हँडल मारल्यासारखं करतो आणि मग गाडी एका झटक्यात सुरू करतो. शिवाय तो रात्री गाडीपाशी न झोपता आपल्या वाडीत जातो, हे कुणीतरी पाहिलं होतं.

“एक वायर काढून ठेवली तर गाडी सुरू होत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस ना?” नानाशेट म्हणाले.

“हो.”

“मग हा वायर काढतो, घरी जातो, बायकोच्या हातची भाकरी खाऊन सावकाश येतो आणि वायर जोडतो. आहे की नाही?”

“धाकू तसा नाही” एवढं म्हणायला माझं काहीच गेलं नसतं. पण तसं म्हटलं की दोष गाडीत आहे असं होणार, आणि गाडीतला दोष मला सापडत नाही असं होणार. रत्नागिरीत मिस्त्री म्हणून माझं तेव्हा नाव होतं. मी म्हणालो, “गाडी तर ठीक आहे, शेट. बाकी तुम्ही बघा.”

नानाशेटनी बघितलं. धाकूला आत बोलावून सांगितलं, “आणखी एकदा उशीर झाला, तर लॉरी दुसऱ्याच्या हातात.”

धाकू माझ्याकडे पाहत होता. मी पान्हा पुसत होतो.

“मिस्त्री,” बाहेर पडताना तो म्हणाला, “एक रात संगमेश्वरला ये. माज्याकडंच जेव. सकाळी तुज्या डोल्यांनी बघ.”

“येतो रे सवड काढून,” मी म्हणालो. सवड काही निघाली नाही.

त्यानंतर आठेक दिवस गाडी वेळेवर आली. नानाशेट मला म्हणाले, “बघितलंस? दम दिला आणि गाडी सुधारली.” मलाही ते पटलं. त्या आठवड्यात वारा सुटला होता आणि नदीवर धुकं धरत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग माघातल्या एका सकाळी लॉरी आलीच नाही. दुपारी चिपळूणकडून येणाऱ्या दुसऱ्या सर्व्हिसची मोटार आमच्या दारात थांबली. तिच्यातून धाकू उतरला. उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधून वर पंचा गुंडाळलेला होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

काय झालं ते त्यानेच सांगितलं. रात्रभर तो गाडीतच झोपला होता. पहाटे हात पुढे केला तर बोटं दिसणार नाहीत इतकं धुकं. सहाला पॅसेंजर बसले. त्याने हँडल मारायला सुरुवात केली. दहा वेळा, वीस वेळा. अंगातला सदरा काढून टाकला आणि पुन्हा मारत राहिला. पॅसेंजर आतून बोलत होते, कुणी हसत होतं. आज उशीर झाला तर नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होतं. तो जिवाच्या आकांताने हँडल मारत राहिला. आणि मग इंजिन एकदाच उठलं, पण उलटं. हँडल उलटं फिरलं आणि मनगटाच्या वरचं हाड मोडलं. आवाज पॅसेंजरांनाही ऐकू आला, असं तो म्हणाला.

याला आम्ही ‘किक मारणं’ म्हणतो. ठिणगी भलत्या वेळी पडली की सिलिंडरातला दट्ट्या वर येत असतानाच आत भडका होतो आणि हँडल गाढवाच्या लाथेसारखं उलट येतं. म्हणून नव्या ड्रायव्हरला पहिला धडा देतात तो अंगठ्याचा. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे हँडल उलटलं तरी हातातून सुटून जातं.

“अंगठा कुठे होता?” मी विचारलं. मोडलेला हात घेऊन आलेल्या माणसाला मी विचारलेला हा पहिला प्रश्न.

“बोटांसंगाती व्हता, मिस्त्री. बसऱ्याला सायबान पयल्या दिसाला शिकवलान, ता मी इसरन?”

“अंगठा बाजूला असला तर हात मोडत नाही,” मी नानाशेटना म्हणालो.

हे शंभर टक्के खरं नाही. हँडल सुटलं तरी पुढच्या फेऱ्यात येऊन ते हातावर बसू शकतं, आणि धाकूचं तसंच झालं होतं. मला हे माहीत होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. नानाशेटनी त्याच संध्याकाळी दुसरा ड्रायव्हर पाहायला माणूस पाठवला. धाकू इस्पितळात न जाता परत वाडीला गेला. तिथल्या हाड बसवणाऱ्याने हात बांधला आणि हाड वाकडं जुळलं.

लॉरी संगमेश्वरलाच अडकून पडली होती. ती आणायला मी गेलो. दुपारी पोचलो तर ती पहिल्या हँडलला सुरू झाली. आणून सोडली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण धाकूचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी इंजिन बंद केलं, त्याने ज्या जागी गाडी लावली होती त्याच जागी ती राहू दिली आणि फळीच्या बाकावर अंग टाकलं. ती जागा नदीच्या अगदी काठाला आहे. दोन नद्या तिथे मिळतात.

पहाटे जाग आली तेव्हा अंगावरची घोंगडी ओली झाली होती. ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. बाहेर सगळं पांढरं होतं. मी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. पंधरा-वीस वेळा मारलं, इंजिनाने हूं की चूं केलं नाही. मला घाम फुटला आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण धाकूच्या बोलण्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

अजून उजाडलं नव्हतं, हे माझं नशीब. बॉनेट उघडून ठेवलं, कंदील विझवला, आणि रस्त्याने निघालेल्या एका गाडीवानाला विनवून हँडल फिरवायला लावलं. अंगठा बाजूला ठेवायला सांगून, बेतानेच. मी मॅग्नेटोकडे पाहत राहिलो. टोपीवर निळी ठिणगी पडली. ती तारेत जायची सोडून टोपीच्या अंगावरून सरपटत शेजारच्या तारेच्या खुंटीपर्यंत गेली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. एका सिलिंडरची वीज दुसऱ्याकडे चालली होती. बहुतेक वेळा ती वाटेतच जिरत होती, म्हणून गाडी सुरू होत नव्हती. एखाद्या वेळी पोचत होती, तीही भलत्या सिलिंडरात आणि भलत्या वेळी. धाकूचा हात त्याच ठिणगीने मोडला.

टोपी काढली, जवळच्या चहावाल्याच्या चुलीशी धरून शेकली, धोतराच्या सोग्याने कोरडी पुसली आणि परत बसवली. गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली.

गाडीवान म्हणाला, “सापडला ना दुखना?” मी मान हलवली. टोपीवर वीज जिथून सरपटत होती, तिथे एक काळा पट्टा होता. तो पट्टा माझ्या हातचा होता.

आता मला दिवाळीच्या सुमाराला जायला हवं. तेव्हा या टोपीला बारीक चीर गेलेली मला दिसली होती. टोपी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असते. नवी टोपी मुंबईत मिळेना, विलायतेहून मागवली, पण ती यायला चार-पाच महिने. तोवर गाडी उभी ठेवायची का? मी डोकं चालवलं. मिरकरवाड्यात होड्या बांधणारे उस्मानभाई माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडे होडीच्या फटींना लावायचं रोगण असे. समुद्राच्या पाण्याला ते दाद देत नाही, मग हवेतल्या ओलीला काय देणार? रत्नागिरीत आम्ही गळक्या कौलापासून फुटक्या बादलीपर्यंत सगळ्याला तेच लावतो. चिरेवर दोन हात दिले. वाळल्यावर काळं चकचकीत झालं. नानाशेटनी पाठ थोपटली. तीन वेळा तपासणी केली तेव्हा मी ती टोपी पुसून परत बसवली होती आणि दर वेळी माझं काम किती टिकलंय याचं मला कौतुक वाटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

रत्नागिरीत येताच मी मिरकरवाड्यात गेलो. उस्मानभाई होडीच्या सांगाड्याखाली बसून फटीत कापूस ठोकत होते.

“उस्मानभाई, त्या रोगणात काय काय घालता?”

“राल, उंडीचा तेल, नि काजली.”

“काजळी?”

“मग? काजली नाय टाकली तर काला कसा होनार? का, मिस्त्री? होडी गलते काय?”

“होडी नाही गळत,” मी म्हणालो आणि तिथेच वाळूत बसलो. काजळी म्हणजे कोळशाची पूड, आणि कोळशातून वीज जाते. खुद्द मॅग्नेटोच्या आत कोळशाचा तुकडा बसवलेला असतो, तो त्याचसाठी. कोरड्या हवेत माझा पट्टा कसाबसा निभावून नेत होता. वरचा थर तडकून धुक्याची ओल आत शिरू लागली, तेव्हा मी विजेला चोरवाट करून दिल्यासारखं झालं. उस्मानभाईंची काही चूक नव्हती. त्यांनी होडीचं औषध दिलं होतं. मोटारीला लावणारा मी शहाणा.

नानाशेटना मी सगळं सांगितलं. ते सुपारी कातरता कातरता थांबले.

“हे आणखी कुणाला बोललास?”

“नाही.”

“मग बोलू नकोस. आपल्या सर्व्हिसवर माणसं बसायची नाहीत.”

“धाकूला परत घ्या, शेट. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण.”

“घेऊन काय करू? हात वाकडा. स्टिअरिंग कोण धरणार, तू?”

त्या लॉरीचं स्टिअरिंग फिरवायला दोन धडधाकट हातही अपुरे पडत.

फाल्गुन लागल्यावर मी धाकूच्या वाडीत गेलो. नदी होडीने ओलांडली, पुढे कोसभर चाललो. धाकू अंगणात बसून डाव्या हाताने कोयता चालवायला शिकत होता. उजवा हात मनगटापाशी बाहेर वळला होता. मूठ पुरती मिटत नव्हती. त्याच्या बायकोने पाणी आणि गूळ आणून ठेवला. माझ्याकडे न पाहताच ती आत गेली.

मी सांगायला लागलो ते थांबलोच नाही. चीर, रोगण, काजळी, धुकं, सगळं. शेवटी म्हणालो, “धाकू, दोष गाडीत होता, आणि तो मी घातला होता. तुझा अंगठा बरोबर जागी होता, हेही मला माहीत होतं.”

मला वाटलं, कोयता फेकून मारील. मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने बायकोला हाक मारली.

“आयकलंस? मिस्त्री काय बोलतंय ता आयकलंस? मी सोंग करत नव्हतो.” मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “हिलाही वाटत व्हता, मी घराच्या ओढीनं उशीर करतंय. वाडीत पोरासोरांनी मना ‘धुकां ड्रायव्हर’ नाव ठेवलानी. मिस्त्री, आज देवलापाशी गावकी बसलीय, शिमग्याची. तिथं येऊन हाच सांगशील?”

नानाशेटनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. मी म्हणालो, “चल.”

देवळासमोर तीस-चाळीस माणसं बसली होती. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते आणि माणसं ती खांद्यावर घेऊन नाचवतात. कोणाचे खांदे कधी लागायचे ते ठरत होतं. धाकूचं घर पालखीच्या पुढच्या खांद्याच्या मानाचं. त्या वर्षी त्याच्या जागी चुलतभावाचं नाव घेतलं गेलं होतं, कारण नाचवताना दांडा दोन्ही हातांनी आवळावा लागतो.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. मॅग्नेटो वगैरे त्यांना कळला असेल नसेल. मी एवढंच म्हणालो की धाकू खरं बोलत होता, चूक माझी होती, आणि त्याचा हात माझ्यामुळे मोडला. आयुष्यात तेवढी माणसं समोर असताना मी कधी बोललो नव्हतो. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्या मी पुसल्या नाहीत.

धाकू ताठ बसला होता. मग वाडीतला सगळ्यात म्हातारा मानकरी खाकरला.

“बरां झाला सांगितलंस,” तो म्हणाला. “मानूस खरा ठरला. आता तेच्या हाताचां काय?”

मी उभाच होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते, धाकूही. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने पुढचं नाव घेतलं आणि गावकी पुढे चालू झाली.

रोगण खरवडून काढलेल्या जुन्या टोपीवर गाडी कशीबशी चालली आणि चैत्रात विलायतेहून नवी टोपी आली. ती बसवल्यापासून लॉरी संगमेश्वरला एकदाही अडली नाही. नवा ड्रायव्हर म्हणायचा, “मिस्त्री, गाडी सोन्यासारखी आहे, धुक्यातसुद्धा एका हँडलला उठते.” तो हे म्हणाला की मी शेडच्या मागे निघून जात असे. धाकू पुन्हा कधी मोटारीवर बसला नाही.

आता माझ्याकडे कधी चालणारी, कधी न चालणारी गाडी आली, तर मी आधी बॉनेट उघडत नाही. कुठे अडते, किती वाजता, हवा कशी असते, हे ड्रायव्हरला विचारतो, आणि त्याचं सांगणं वेड्यासारखं वाटलं तरी जसंच्या तसं वहीत लिहून घेतो. मग ती जिथे अडते तिथे जाऊन मुक्काम करतो. त्यानंतर स्वतःच्या जुन्या कामापासून तपासायला सुरुवात करतो. ही पद्धत चांगली आहे, तिने मला बहुतेक वेळा यश दिलं आहे. ती शिकायला एक हात खर्ची पडला. तो माझा नव्हता.